राखणीचं पाणी

सोनझरी तलावाचा तळ दिसायला लागला, तेव्हा सगळ्यात आधी आले ते लग्नाआधीचे फोटो काढणारे.

जुलैचा दुसरा आठवडा होता. एरवी या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही तलावाचं पाणी दुधाच्या चहासारखं असतं. हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. यंदा सोनझरीत पुरुषभर खोल पडलेली बांगडी काठावरून ओळखता आली असती. नागपूरहून आलेली जोडपी होडीत बसायची आणि फोटोत ती होडी हवेत टांगल्यासारखी दिसायची. तलावाकाठच्या मुंडीटोला या वस्तीतल्या लोकांना आधी गंमत वाटली, मग थोडा अभिमानही.

पतिराम मारबत्यांना मात्र त्यात काहीच गमतीचं दिसेना. ते मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष होते आणि चाळीस वर्षं या तलावात जाळं टाकत आले होते.

"हे पानी आजारी हाये," घरी येऊन ते म्हणाले.

त्यांची मुलगी हर्षला कामावर जायला निघाली होती. "चांगलं तं दिसते, बाबा."

"तेच तं. मासोळीले लपाले जागा लागते, खाले लागते. जाळं वर आलं तं धुतल्यावानी. शेवाळाचा एक तंतू नाही त्याच्यात. काहून असं झालं असंन?"

हर्षला खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी केव्हाच बांधून झाली होती. पण मान वर केली तर बाबांकडे बघावं लागलं असतं, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं.

तलावापासून दोन किलोमीटरवर जे संगणक केंद्र उभं राहिलं होतं, तिथे हर्षला पाणी-तंत्रज्ञ होती. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या टोलीतून तिथे नोकरीला लागलेली पहिली मुलगी. गाव त्या केंद्राला मशीनघर म्हणायचं. पूर्व विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत कुठल्या क्षणी कुठे किती वीज द्यायची, हे तिथला संगणक ठरवत असे. उन्हाळे आता असे झाले होते की मे महिन्यात सगळ्यांना पुरेल एवढी वीज कधीच नसायची. कुणाचा कूलर वीस मिनिटं बंद ठेवला म्हणजे कुठल्या दवाखान्यातलं यंत्र चालू राहील, हे माणसाच्या डोक्याने ठरवणं शक्य नव्हतं. ते काम मशीनघर करायचं.

असला संगणक भयंकर तापतो. नुसत्या पंख्यांनी तो निवत नाही. म्हणून त्यातल्या प्रत्येक चिपच्या पाठीवर तांब्याची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यातल्या केसाएवढ्या बारीक चरांमधून पाणी खेळवतात. तेच पाणी नळ्यांतून गोल फिरत राहतं. उष्णता उचलतं, बाहेर टाकतं, परत येतं. पण जिथे पाणी आणि ऊब आहे, तिथे जीव येणारच. शेवाळाला उजेड लागतो. नळ्या काळ्या ठेवल्या की ते वाढत नाही. जिवाणूंना उजेडाचीही गरज नसते. ते चरांच्या भिंतींना धरतात, बुळबुळीत थर बांधतात, चर बुजतो आणि चिप जळते. पूर्वी त्यावर पाण्यात विषारी औषधं घालत. त्या औषधांनी तांबं झिजायचं, आणि थराच्या आत दडलेले जिवाणू मरायचे नाहीत ते नाहीतच.

मग राखणदार आला. प्रयोगशाळेत घडवलेला हा एक जिवाणूच, पण तो कुणाला मारत नाही. जिवाणू एकटे असले की थर बांधत नाहीत. ते पाण्यात विशिष्ट रसायनं सोडून एकमेकांना जणू हाका मारतात, आणि चहूकडून पुरेशा हाका आल्या की मगच बांधकामाला लागतात. राखणदार त्या हाकाच खाऊन टाकतो. कुणाला कुणाची चाहूल लागत नाही. पाण्यातला प्रत्येक जीव आपण एकटेच आहोत असं समजून नुसता वाहत राहतो. चर वर्षानुवर्षं कोरे करकरीत.

हा बाहेर सुटला तर काय, याचा विचार करणाऱ्यांनी केला होता. एक पोषक द्रव्य राखणदाराला स्वतःला बनवता येणार नाही, अशी त्याची रचना होती. ते बाटलीतून थेंबथेंब द्यावं लागे; मिळालं नाही तर दोन दिवसांत त्याचा खेळ संपे. पण हजारो पिढ्यांत एखादा राखणदार ते द्रव्य बनवायला शिकणारच नाही, याची खात्री कोण देणार? म्हणून नियम होता: दर नव्वद दिवसांनी राखणीचं सगळं पाणी काढायचं, ऐंशी अंशांच्या टाकीत तापवून त्यातला जीव मारायचा, आणि नवं पाणी भरायचं.

हर्षलाने ते काम एकदा पुढे ढकललं होतं. मग आणखी एकदा. नियमाप्रमाणे तापवून पाणी बदलायचं तर अर्धं मशीन सहा तास बंद ठेवावं लागे, आणि उन्हाळा तर मार्चमध्येच सुरू झाला होता. सगळे आकडे ठीक दिसत होते. पुढच्या आठवड्यात करू, असं ती दर आठवड्याला म्हणत गेली.

एकोणीस मेच्या दुपारी बाहेर सत्तेचाळीस अंश होते. दोन वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या ओळीतला प्रवाह घसरला. दीडशे दिवसांच्या त्या पाण्यात मेलेल्या राखणदारांचाच गाळ साचून गाळण्या तुंबल्या होत्या. चिपचं तापमान मिनिटाला दोन अंशांनी चढत होतं. हर्षलाने त्या दिवशी नागपूरला गेलेल्या केंद्रप्रमुख काझी सरांना फोन लावला.

"पाणी बदलावं लागेल, सर. आत्ताच. आणि तापवायची टाकी तर आधीच्याच सांडपाण्याने गच्च भरलेली आहे."

"मशीन बंद पडता कामा नये, हर्षला. गोंदियात या क्षणी चौदा बाळं काचेच्या पेट्यांत आहेत."

"पण मग जुनं पाणी सोडू कुठे?"

"ते तू बघ. मला फक्त मशीन चालू पाहिजे."

तिने बघितलं. पावसाचं पाणी कुंपणाबाहेर काढणाऱ्या नाल्याची झडप तिने उघडली. चाळीस मिनिटांत अकरा हजार लिटर राखणीचं पाणी बाहेर गेलं आणि नवं पाणी आत आलं. तापमानाचा काटा थबकला, मग हळूहळू उतरला. त्या दुपारी पाच जिल्ह्यांतल्या एकाही दवाखान्याची वीज गेली नाही. संध्याकाळी काझी सर फोनवर "शाब्बास" म्हणाले.

मग ती नोंदवही भरायला बसली. जुनं पाणी कुठे सोडलं, असा एक रकाना होता. खरं लिहिलं असतं तर नव्वद दिवसांचे दीडशे कसे झाले, हाही प्रश्न आला असता. हर्षलाने लिहिलं, 'तापवण्याच्या टाकीत.'

झडप उघडली याचं तिला पुढेही कधी फारसं वाईट वाटलं नाही. चौदा बाळांसाठी तिने ती पुन्हा उघडली असती. जीव खात राहिलं ते पुढचं. ते पाणी लगेच तलावात गेलंच नव्हतं. उन्हाळ्यात नाला कोरडा असतो. सगळं पाणी रस्त्याच्या मोरीखालच्या खड्ड्यात, सावलीत, तुंबून राहिलं. पहिला पाऊस झाला तो सात जूनला. मधले अठरा दिवस हर्षला रोज त्या मोरीवरून स्कूटरने कामावर गेली. दोन पोती ब्लीचिंग पावडर तिथे ओतली असती तर राखणदार जागच्या जागी संपला असता. पण पावडर मागायची तर कशासाठी हे सांगावं लागलं असतं. खायला मिळत नाही म्हणजे मेलाच असेल, असं ती मोरीवरून जाताना मनाशी म्हणायची. शेवटी शेवटी तिने त्या बाजूला बघणंच सोडलं.

फोटोवाले आले आणि दोन आठवड्यांत गेलेही, कारण तलावाला वास यायला लागला.

आधी झिंगे मेले. मग रोहू आणि कटला पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करायला लागले, आणि एका सकाळी पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, कडेने पांढऱ्या पोटांची रांगच लागली. तलावाच्या तळाशी, दगडांवर, कमळाच्या देठांवर जो बुळबुळीत थर असतो, त्यावरच छोटे मासे जगतात. माशांच्या विष्ठेतलं विष पचवणारे जिवाणूही त्याच थरात राहतात. राखणदाराने थर धरूच दिला नाही. पाणी निवळलं आणि त्यातलं विष वाढत गेलं.

पतिराम गुडघाभर पाण्यात उभे राहून दिवसभर मेलेले मासे टोपलीत भरत होते. घरी आले तेव्हा जेवायला बसले आणि नुसतेच ताटाकडे बघत राहिले.

"कोनीतरी औषध टाकलं," ते म्हणाले. सगळा टोला हेच म्हणत होता. आणि औषध म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस येत होता.

भैयालाल केवट तलावाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात शिंगाडा लावायचा. पन्नाशीचा, अबोल माणूस. शिंगाड्याच्या पानांवर भुंगा पडला की तो पंपाने फवारणी करतो, हे सर्वांनी पाहिलेलं होतं. जुलैत त्याने फवारणी केली होती. ती दरवर्षीपेक्षा जास्त नव्हती, पण आता तसं सांगून ऐकणार कोण? त्याची होडी कुणीतरी फोडली. त्याची बायको हातपंपावर गेली की बाकीच्या बाया भांडी उचलून बाजूला व्हायच्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भैयालाल घराला कुलूप लावून राजनांदगावला मुलीकडे निघून गेला.

"गेला म्हनजे त्यानंच केलं," पतिराम म्हणाले. एरवी कुणाविषयी असं बोलणारा हा माणूस नव्हता. हर्षलाला वाटलं, बाबांच्या तोंडून हे वाक्य आपणच बोललो.

दुसऱ्या दिवशी तिने तलावाचं पाणी बाटलीत भरून मशीनघरात नेलं. तिथे चाचणीच्या कुप्या होत्या. कुपीतल्या जिवाणूंना एकमेकांच्या हाका ऐकू आल्या की ते निळसर चमकतात. पाण्यात राखणदार असेल तर अंधार राहतो. तिने साध्या पाण्याची एक कुपी आणि तलावाच्या पाण्याची एक, अशा दोन्ही काळ्या पेटीत ठेवल्या आणि दहा मिनिटांनी फटीला डोळा लावला. एक कुपी निळी झाली होती. दुसरीत काहीच नव्हतं. पोषक द्रव्य न मिळताही अडीच महिने तो जिवंत होता. नुसता जिवंत नव्हता, वाढत होता.

ती कुपी घेऊन काझी सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या कपाळावर घाम दिसत होता.

"नोंदवहीत तू टाकीत सोडलं असं लिहिलं आहेस," शेवटी ते म्हणाले. "मग ते टाकीतच गेलं. मी आणखी काही ऐकलेलं नाही."

"सर, एका माणसाला गाव सोडावं लागलंय."

"आणि केंद्र बंद झालं तर किती जणांना काय काय सोडावं लागेल? विचार कर. घाई करू नकोस."

तिने आठ दिवस घाई केली नाही. चौदा ऑगस्टला सोसायटीची सभा होती.

सभा समाजमंदिरात होती आणि बाहेर तीन दिवसांची झड लागलेली होती. तलाव काठोकाठ आला होता. पतिराम उभे राहिले आणि म्हणाले, "विषारी पानी राखून का करनार? उद्या सकाळी पाळीतलं पानी सोडाचं तूम उघडू. सगळं पानी खाली जाऊ द्या. नवं पानी येईन, तवा मासोळीचं नवं बीज टाकू."

माना हलल्या. कुणी विरोध करावा असं त्यात काही नव्हतंच. हर्षला बायांमध्ये मागे बसली होती. सोनझरीचं पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तलावात, जातं, बोडीचं पुढच्या तलावात, त्या तलावाचं त्याच्याही पुढे. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळापासून एकाखाली एक असे सहा तलाव बांधलेले होते, आणि शेवटचा नदीला मिळत होता. सहा गावांची ढिवर टोली त्यांवर जगत होती.

"तूम उघडू नका," ती म्हणाली. आवाज कुणापर्यंत पोचला नाही. ती उभी राहिली. "बाबा, तूम उघडू नका. पान्यात औषध नाही. भैयालाल काकानं काहीच नाही केलं. मी केली."

तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं होतं, राखणदार, पोषक द्रव्य, हे सगळं समजावून सांगावं लागेल. ते कुणी विचारलंच नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "तुले कवापासून माहीत होतं?"

"मे महिन्यापासून."

"अन् मोरीखाली पानी होतं तवा सांगतली असती तं?"

"तं काहीच झालं नसतं, आजोबा."

पतिराम अजून उभेच होते. त्यांनी मुलीकडे बघितलं नाही. सभेकडे बघत ते खालच्या आवाजात म्हणाले, "तूम बंदच ठेवा. सांडव्यावर रेतीची पोती लावा. खालच्या गावायले फोन करा." आणि थोडं थांबून, "ठराव लिहा. भैयालाल केवट निर्दोष हाये. माह्या नावानं लिहा, मी त्याले दोषी म्हनलो होतो."

तीन दिवस अख्खा टोला पाळीवर होता. खालच्या पाच गावांतूनही माणसं आली. सांडवा दोन हात उंच केला, वरून येणारे ओहोळ शेतांकडे वळवले. पाळ एका ठिकाणी पाझरायला लागली तेव्हा बायांनी साखळी करून मातीची घमेली दिली. हर्षला त्या साखळीत होती. तिच्या दोन्ही बाजूच्या बाया घमेलं घ्यायच्या, द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मशीनघराचे पंप आले. तिथल्या अधिकाऱ्यांना हर्षलाने लेखी कबुली दिली होती. जास्तीचं पाणी टाकीत क्लोरीन मारून, तपासून, मगच खाली सोडायला सुरुवात झाली. खालच्या बोडीच्या पाण्याची कुपी निळी चमकली. त्याच्या खालच्या तलावातलीही. राखणदार सोनझरीत अडला.

सोनझरी मात्र गेला. तज्ज्ञ म्हणाले, तलाव पूर्ण आटवायचा, दोन उन्हाळे तळ तापू द्यायचा, मग दुसऱ्या तलावांचा गाळ आणून टाकायचा. तीन वर्षं तरी लागतील, कदाचित चार. हर्षलाची नोकरी गेली, चौकशी सुरू झाली. तिने वकील केला नाही. पतिराम पासष्टाव्या वर्षी खालच्या गावच्या सोसायटीत दुसऱ्याचं जाळं ओढायला जाऊ लागले. घरात ते तिच्याशी बोलायचे: भात झाला का, दार लाव, पाऊस येते. त्यापलीकडे एक शब्द नाही. एकदा तिने "बाबा, मले बोला तरी" म्हटलं, तर ते म्हणाले, "का बोलू? तू शिकलेली. मी तं लोकायले सांगत होतो, माह्यी पोरगी पानी राखते."

सप्टेंबरच्या शेवटी ठरावाची प्रत घेऊन हर्षला राजनांदगावला गेली.

भैयालाल एका राइस मिलमध्ये पोती उचलत होता. दुपारची सुट्टी झाली तसा तो बाहेर आला आणि मिलच्या भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला. केसांत, भुवयांत कोंड्याची धूळ होती. हर्षला समोर जमिनीवर बसली. तिने कागद दिला आणि वाचून दाखवू का विचारलं.

"मले येते वाचता." त्याने ओठ हलवत पूर्ण वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "बरं झालं."

"काका, माफी मागाले आली मी. मागून का होते, मले माहीत हाये..."

"माफीचं राहू दे. तुले एक सांगू?" तो खाली बघत बोलत होता. "लोकं म्हनत होते तवा मी आधी भांडलो. मग वाटलं, असंन. फवारा तं मी मारलो होतो ना. एक झाकन जास्त पडलं का, हवा तिकडं होती का. घास तोंडात घेतला का तेच. मले वाटे, मीच मारलो सगळं. पतिरामभाऊच्या मासोळ्या मी मारलो. महिनाभर मी तसाच होतो. बायकोलेही म्हनलो, हो, माह्याच हातून झालं." त्याने वर बघितलं. "मंग गावाहून फोन आला, ठराव झाला म्हनून, तं लोकायच्या मनातलं गेलं. माह्या मनातलं अजून जात नाही. सकाळी उठतो तं आधी तेच येते. मग आठवते, का नाही, ते आपन नाही केलो."

हर्षलाला रडू आलं नाही. रडली असती तर त्याने तिची समजूत घातली असती, आणि तेवढाही हक्क आपल्याला नाही हे तिला कळत होतं. ती बसून राहिली. चौदा बाळं, मशीनघर, काझी सर, मार्चमधला उन्हाळा, यातलं काहीही तिने मध्ये आणलं नाही.

मिलचा भोंगा झाला. भैयालाल गुडघ्यांवर हात टेकवून उठला.

"तलाव कसा हाये?"

"आटवत हाये. तळाले भेगा पडल्या."

"दगड कोरडेच असंन."

"हो."

"आता तुले काम नाही म्हनते. मंग रोज जात जा तिथं. पानी भरलं का दगडायले हात लावून पाहात जा, बुळबुळ धरली का." तो दारापर्यंत गेला, तिथे थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "ज्या दिवशी पाय घसरंन, त्या दिवशी मले फोन करजो. दुसऱ्या कोनाले सांगाच्या आधी."

हर्षला "हो, काका" म्हणाली. पण मिलची यंत्रं पुन्हा सुरू झाली होती, आणि तो आत निघून गेला होता.